हार्वेस्टर यायच्या आधी: जंगलकामात बॅजरची बिळं कशी ओळखायची आणि कशी सांभाळायची

ब्रिटनमध्ये फॉरेस्ट्रीच्या कामाला नवीन लागलात की लवकरच कोणीतरी हातात नकाशा टेकवतं आणि सांगतं, जा, एक फेरी मारून ये, बॅजर आहेत का बघ. आणि आपल्यापैकी बहुतेकांनी बॅजर फक्त चित्रात बघितलेला असतो, तोंडावर काळे-पांढरे पट्टे, संपलं. आपल्याकडे ज्याला बिज्जू म्हणतात तो हनी बॅजर, इथला युरोपियन बॅजर वेगळा, दोघांचं कुळ पाणमांजराचंच पण सवयी निराळ्या. इथला बॅजर गटाने राहतो, पिढ्यानपिढ्या एकाच ठिकाणी जमिनीखाली बोगदे खणत जातो आणि रात्रीत शेकड्यांनी गांडुळं खातो. दिवसा तो दिसणार नाही, त्यामुळे बॅजर शोधायच्या नादी लागू नका, खुणा शोधायच्या असतात.

खाली जे लिहिलंय ते इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी. नॉर्दर्न आयर्लंडचा कायदा वेगळा आहे, तिथे असाल तर तिथल्या ऑफिसात विचारा.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जंगलकामात बॅजरचं नुकसान मुद्दाम कोणी करत नाही, ते होतं कारण फॉरवर्डर (हार्वेस्टर मशीन झाडं तोडते, फॉरवर्डर ते लाकूड बाहेर वाहून नेतो) कुठून जाणार हे पावसात, चिखलात, संध्याकाळी चार वाजता ऐनवेळी ठरतं. तेव्हा केबिनमध्ये तुम्ही नसता. म्हणजे तुमचं खरं काम मशीन लो-लोडरवरून उतरायच्या आधीच झालेलं पाहिजे, नंतर धावपळ करणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

स्टेप १: कायदा काय म्हणतो ते एकदा नीट समजून घ्या

मुख्य कायदा १९९२ चा प्रोटेक्शन ऑफ बॅजर्स ॲक्ट. बॅजरला मारणं, जखमी करणं, पकडणं हा गुन्हा आहे ते कोणालाही पटतं, पण आपल्या कामाचा भाग वेगळा आहे. बॅजरचं बिळांचं जे घर असतं त्याला सेट म्हणतात, आणि त्या सेटचं नुकसान करणं, तो उद्ध्वस्त करणं, त्याचं तोंड बंद करणं किंवा अडवणं, त्यात कुत्रा घालणं, आणि आत बॅजर असताना त्याला डिस्टर्ब करणं, हे सगळे गुन्हे आहेत. म्हणजे फांद्यांचा ढीग चुकून बिळाच्या तोंडावर टाकला तरी तुम्ही कायद्याच्या कक्षेत आलात. बेफिकिरीने केलेलंही चालत नाही, मुद्दाम केलं नाही एवढं म्हणून सुटका होत नाही.

सेटची व्याख्या बघा, ती फार कामाची आहे: बॅजर सध्या वापरतोय अशा खुणा दिसणारी कुठलीही जागा किंवा बांधकाम. म्हणजे मोठं बीळच पाहिजे असं नाही, रस्त्याखालचा सिमेंटचा पाइप, जुन्या लाकडांचा ढीग, यातही बॅजर राहत असेल तर तो सेटच.

शिक्षा इंग्लंड-वेल्समध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड, आणि स्कॉटलंडमध्ये २०२० च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांसाठी ती पाच वर्षांपर्यंत वाढवलीय. आणखी एक, झाडं तोडायचं फेलिंग लायसन्स हातात आहे म्हणून बॅजरचा प्रश्न मिटला असं अजिबात नाही. दोन्ही गोष्टी पूर्ण वेगळ्या. सेटला धक्का लागणारच असेल तर वेगळं लायसन्स लागतं, इंग्लंडमध्ये नॅचरल इंग्लंडकडून, स्कॉटलंडमध्ये नेचरस्कॉटकडून, वेल्समध्ये नॅचरल रिसोर्सेस वेल्सकडून. नवीन माणसाने हे लायसन्स स्वतः काढायच्या फंदात पडू नये, ते इकॉलॉजिस्ट आणि मॅनेजर बघतात, पण लागणार आहे हे ओळखणारा पहिला माणूस बऱ्याचदा तुम्हीच असता.

स्टेप २: कॅलेंडर उघडा

हा भाग लोक सगळ्यात जास्त हलक्यात घेतात आणि इथेच सगळं फसतं.

बॅजरची पिल्लं साधारण फेब्रुवारीत जमिनीखाली जन्मतात, थोडी आधी किंवा थोडी नंतर. मादीचं मीलन त्याच्या कितीतरी महिने आधी झालेलं असतं, पण गर्भ रुजतो डिसेंबरच्या सुमारास. पिल्लं आठेक आठवडे बिळातच असतात, एप्रिलच्या आसपास बाहेर तोंड काढतात आणि उन्हाळा सुरू होईपर्यंत आईवरच अवलंबून असतात. या काळात बोगदा खचला किंवा आई घाबरून निघून गेली तर पिल्लं आत मरतात आणि बाहेर कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून १ डिसेंबर ते ३० जून हा काळ बंद धरायचा, आणि सेटला हात लावायची लायसन्सं सहसा १ जुलै ते ३० नोव्हेंबर याच खिडकीत मिळतात.

आता यात पक्ष्यांचा सीझन मिसळा. मार्च ते ऑगस्ट घरटी असतात, तोही कायद्याचा विषय. मग सेटजवळच्या कामाला सोयीचे महिने उरले किती, तर सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. त्यातही नोव्हेंबरला जमीन ओली होते आणि मशीन रुततात. म्हणजे सेटच्या आसपासचा तुकडा तोडायचा असेल तर त्याची तारीख आदल्या वर्षीच ठरली पाहिजे. मी बघितलेल्या बहुतेक भांडणांचं मूळ इथेच असतं, कॉन्ट्रॅक्टरची मशीन जानेवारीत मोकळी होते, लाकडाचा भाव तेव्हा चांगला असतो, आणि मग सगळे मिळून इकॉलॉजिस्टकडे असे बघतात जसं काही बॅजर त्यानेच आणून सोडलेत. सरळ उपाय म्हणजे तेवढा तुकडा नकाशावर वेगळा काढायचा, बाकीचा कूप, म्हणजे तोडणीसाठी आखलेला जंगलाचा भाग, जानेवारीत तोडायचा आणि हा शरद ऋतूत.

स्टेप ३: पायी फिरा

आधी ऑफिसात बसून जुने रेकॉर्ड बघा. जंगलाच्या मालकाकडे आधीच्या थिनिंगच्या, म्हणजे विरळणीच्या, वेळचा नकाशा असतो, स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश बॅजर्स ही संस्था नोंदी ठेवते, इंग्लंड-वेल्समध्ये बॅजर ट्रस्ट आणि गावोगावचे लोकल ग्रुप आहेत. शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, त्याला हमखास माहीत असतं, फक्त विचारताना जरा जपून, सगळ्यांनाच बॅजर आवडतात असं नाही, गुरांच्या टीबीवरून इथे बरंच राजकारण झालंय आणि इंग्लंडमध्ये २०१३ पासून सरकारी परवान्याने बॅजर मारलेही गेलेत. तो वाद उकरायला जाऊ नका, जागा विचारा आणि निघा.

फिरायला बरा काळ म्हणजे झाडोरा खाली बसलेला असतो तेव्हा, फेब्रुवारी ते एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलैत ब्रॅकन, म्हणजे उंच वाढणारं रानटी नेचं, छातीपर्यंत आलेलं असतं, त्यात हत्ती उभा असला तरी दिसणार नाही. पण आधी सर्व्हे झाला म्हणून निवांत बसू नका, कारण बॅजर नवीन बिळं खणत राहतात, काम सुरू व्हायच्या अगदी थोडे दिवस आधी परत एकदा फेरी मारायचीच. आणि नुसता कूप बघून चालत नाही, मशीन ज्या रस्त्याने आत येणार, लाकूड जिथे रचणार, जिथे नवीन रस्त्यासाठी खडी काढणार, ते सगळं बघायचं.

शोधायचं कुठे? उतारावर, पाणी न साचणाऱ्या वालुकामय मातीत, जंगल आणि गवताळ रानाच्या सीमेवर. सिटका स्प्रूसच्या दाट अंधाऱ्या लागवडीत मधोमध कमी सापडतात, कडेला जास्त, कारण गांडुळं बाहेरच्या कुरणात असतात. एल्डरची झुडपं आणि नेटलचा गचपणा, ती हाताला लागली की आग होते ना ती, असा पट्टा जंगलात अचानक दिसला तर तिकडे वळा, खणलेली आणि खत झालेली जमीन त्यांना आवडते.

आता बीळ. बॅजरच्या बिळाचं तोंड उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतं, इंग्रजी डी अक्षर आडवं पाडल्यासारखं, रुंदी साधारण पाव मीटर किंवा जास्त. सशाचं बीळ लहान आणि गोल. कोल्ह्याचं उभट, जवळ गेलात की उग्र वास, आणि दारात हाडं-पिसं पडलेली. बॅजर घराच्या बाबतीत टापटीप असतो, दारात खरकटं टाकत नाही. त्याच्या दारात असतो मातीचा ढिगारा, कधी कधी एवढा मोठा की गाडीभर माती निघेल, आणि त्या मातीत वाळलेलं गवत, ब्रॅकन, ब्लूबेलची पानं मिसळलेली. हे त्याचं अंथरूण. तो ते हनुवटीखाली धरून उलटा चालत घरात नेतो, त्यामुळे दारापर्यंत गवताची एक सांडलेली रेघ दिसते. ताजी रेघ दिसली की आत कोणीतरी आहे.

ढिगाऱ्यातली माती हातात घेऊन जरा चाळा. केस सापडतात. बॅजरचा केस जाड, राठ, दोन्ही टोकांना फिकट आणि मधे काळा पट्टा. बोटांत धरून फिरवून बघा, तो गुळगुळीत गोल फिरत नाही, अडखळतो, कारण आडव्या छेदात तो गोल नसून लांबट असतो. शेजारच्या काटेरी तारेच्या सगळ्यात खालच्या ओळीत, जिथे खालून पायवाट गेलेली आहे, तिथेही असे केस अडकलेले असतात. हे एकदा स्वतःच्या बोटांनी करून बघितलं की पुस्तकातली दहा पानं वाचायची गरज राहत नाही.

बाकी खुणा पटकन सांगतो. पायाचा ठसा रुंद, पाचही बोटं जवळपास एका ओळीत आणि पुढे लांब नखांचे ठिपके, कुत्र्याच्या ठशात चारच बोटं दिसतात. संडास म्हणजे जमिनीत उकरलेले छोटे खड्डे, त्यात विष्ठा उघडीच टाकलेली, ते हद्दीवर असतात. पायवाटा सरळ, दाबलेल्या, कुंपणाच्या खालून जाणाऱ्या. हरणाची वाट कुंपणावरून जाते, बॅजरची खालून.

जे सापडेल त्याचं ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरचा जागेचा क्रमांक, घ्या, प्रत्येक तोंडाचं वेगळं, फोटो काढा, तोंडं किती, त्यातली ताजी किती, वाटा कुठल्या दिशेला जातात ते लिहा. बिळात काठी घालू नका, टॉर्च मारून आत वाकून बसू नका, कुत्रा बरोबर असेल तर तो गाडीत.

स्टेप ४: हा कुठल्या प्रकारचा सेट आहे

एका गटाचा एक मेन सेट असतो, बरीच तोंडं, मोठे ढिगारे, वर्षानुवर्षं वापरात, काही तर शंभर वर्षांहून जुने. त्याच्या जवळ ॲनेक्स, मेनला पायवाटेने जोडलेला. मग जरा लांब सब्सिडिअरी, आणि कुठेतरी बाजूला एक-दोन तोंडांचा आउटलायर. आउटलायर कधी वापरात असतो कधी नसतो, आणि नवीन माणूस नेमका इथे फसतो, एकच बीळ आहे, पानं पडलीयत, म्हणजे रिकामं, असं म्हणून नोंदच करत नाही. रिकामं आहे की नाही हे ठरवायचं काम तुमचं नाही. त्यासाठी काही आठवडे लक्ष ठेवावं लागतं, कॅमेरे लावावे लागतात, आणि तो निर्णय अनुभवी इकॉलॉजिस्ट लेखी देतो. तुम्ही फक्त नोंद करायची.

स्टेप ५: बफर, म्हणजे सेटभोवतीचा राखीव पट्टा, आखा

बोगदे तोंडापासून आत लांब जातात, वीस मीटरपर्यंत सुद्धा जाऊ शकतात, आणि वरून जमीन एकदम सपाट, निर्धास्त दिसते. घुशींनी पोखरलेल्या बांधावरून भरलेला ट्रॅक्टर घातला की काय होतं ते गावाकडच्यांना सांगायला नको. इथे तर लाकडाने लादलेला मोठा फॉरवर्डर तीस टनांच्या घरात जातो.

फॉरेस्ट्री कमिशनच्या जुन्या मार्गदर्शनात प्रत्येक तोंडापासून २० मीटरचा पट्टा सांगितलेला आहे. इंग्लंडमध्ये बरेच जण ३०-२०-१० असं पाठ करतात, म्हणजे ट्रॅकवाली जड मशीन ३० मीटर लांब, हलकी चाकवाली २०, हाताने करायचं काम १०. स्कॉटलंडमध्ये ३० मीटर धरतात आणि सुरुंग लावणं किंवा पाइल, म्हणजे पायाचे खांब, ठोकणं असेल तर १०० मीटर. हे आकडे कायद्यात लिहिलेले नाहीत हे लक्षात ठेवा, कायद्यात फक्त नुकसान आणि डिस्टर्बन्स आहे, ३१ मीटरवर बोगदा खचला तरी गुन्हा तो गुन्हाच. म्हणून शंका असेल तिथे मोठा आकडा घ्या, उताराच्या वरच्या बाजूला जरा आणखी घ्या. आणि मोजायचं ते सगळ्यात बाहेरच्या तोंडापासून. लोक मधल्या मोठ्या ढिगाऱ्यापासून मोजतात आणि मग बाहेरची दोन तोंडं बफरच्या बाहेर राहतात.

आखताना एक धूर्तपणा लागतो. सेटच्या भोवती भडक टेप गुंडाळून त्यावर बॅजर असं लिहिणं म्हणजे आ बैल मुझे मार. बॅजरवर कुत्री सोडणारे लोक इथे आजही आहेत, तो खेळ १८३५ पासून बंदी असूनही. म्हणून टेप बफरच्या बाहेरच्या कडेला लावायची, सेटला चिकटून नाही, आणि जुन्या दगडी भिंतीला किंवा पुरातत्त्वाच्या जागेला जी टेप वापरता तीच वापरायची. बाहेरच्याला वाटलं पाहिजे इथे काहीतरी जुना पाया आहे. झाडांवर स्प्रे पेंटची खूण ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीवर आणि मशीन ज्या बाजूने येणार त्या बाजूला करा, तुम्ही जिथे उभे आहात त्या बाजूला नाही. टेप वाऱ्याने फाटते, एका वादळात सगळी जाते, पेंट राहतो, दोन्ही ठेवा.

स्टेप ६: ड्रायव्हरशी बोला, आणि त्याला बरोबर नेऊन दाखवा

नकाशा ईमेल केला म्हणजे काम झालं असं इथे भल्याभल्यांना वाटतं. नाही. हार्वेस्टरवाल्याला आणि फॉरवर्डरवाल्याला, दोघांना, पायी घेऊन जा आणि कड दाखवा. मशीनच्या जीपीएसमध्ये तो पट्टा टाकून घ्या. त्यांच्याकडून ऐकूनही घ्या, कारण जमीन त्यांना तुमच्यापेक्षा चांगली कळते, तो म्हणेल की पाऊस पडला की हा खालचा रॅक, म्हणजे मशीनची वाट, बंद होणार आणि मला वरून यावं लागणार, आणि वरून म्हणजे नेमकं तुमच्या बफरमधून. हे पहिल्या दिवशी कळलं तर दुसरा रॅक आखता येतो, तिथे ब्रॅशचा, म्हणजे तोडलेल्या फांद्या-शेंड्यांचा, जाड थर टाकून घेता येतो. तिसऱ्या आठवड्यात कळलं तर कोणीतरी मधूनच जाणार.

शिफ्ट बदलली, नवीन ड्रायव्हर आला, की परत दाखवायचं. सोमवारी सकाळी हमखास कोणीतरी नवीन असतो.

वेळही ठरवून घ्या. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो आणि मशीन दिवे लावून चालू असतात, तर सेटच्या बाजूच्या भागात सूर्य मावळायच्या आधी काम थांबवायचं, कारण तीच त्यांची बाहेर पडायची वेळ. डिझेलची टाकी, ऑइल, जेवणाची केबिन, पार्किंग, हे सगळं बफरपासून लांब.

स्टेप ७: प्रत्यक्ष तोडणी

बफरमधली झाडं तोडायचीच नाहीत हा सगळ्यात सोपा पर्याय, आणि बऱ्याच ठिकाणी तो बरोबरही असतो. पण डोळे झाकून नाही. उघड्या टेकाडावर, पातळ मातीत, उथळ मुळांची सिटका असेल आणि भोवतालचं सगळं जंगल काढून मधे दहा-वीस झाडांचं बेट ठेवलंत, तर पुढच्या मोठ्या वाऱ्यात ती झाडं मुळांसकट उलटतात आणि मुळांबरोबर सेटचं छप्पर वर येतं. अशा जागी एक तर ते बेट शेजारच्या टिकाऊ कडेला जोडून ठेवा, नाहीतर परवानगीच्या महिन्यात, इकॉलॉजिस्टच्या सल्ल्याने, चेनसॉने हाताने तोडा. पानझडी झाडं, ओक वगैरे असतील तर निवांत ठेवून द्या.

हाताने तोडताना झाड सेटच्या विरुद्ध दिशेला पाडायचं, गरज पडली तर विंचने ओढून. पडलेलं झाड ओढून नेताना सेटवरून, ढिगाऱ्यावरून फरफटवायचं नाही. बुंधा जमिनीत तसाच सोडायचा, उपटायचा नाही, ग्राइंड करायचा नाही, कारण मुळांनी बोगद्याचं छप्पर धरून ठेवलेलं असतं. फांद्या, शेंडे, ब्रॅश जे काही तोंडावर किंवा पायवाटेवर पडेल ते त्याच दिवशी हाताने उचलायचं, उद्यावर नाही, बॅजर आज रात्री बाहेर येणार आहे. जवळपास शेकोटी किंवा ब्रॅश जाळणं बंद, धूर बिळात शिरतो. आणि एल्डरची, ब्रॅम्बलची झुडपं साफसफाईच्या उत्साहात छाटू नका, त्यांच्या आडोशानेच तर सेट लपलेला असतो.

काही खड्डा, चर खणलेला असेल तर रात्री त्यात एक फळी तिरकी टाकून ठेवा म्हणजे पडलेला बॅजर चढून बाहेर येईल, मोठ्या व्यासाचे पाइप उघडे टाकू नका, आणि सकाळी मशीन चालू करायच्या आधी डोकावून बघा.

कामाच्या मधेच बीळ सापडलं तर

हे होतं. ब्रॅकनखाली होतं, दिसलं नव्हतं. मशीन थांबवा, जिथून आत आलं त्याच ट्रॅकवरून मागे घ्या, वळवायला जाऊ नका. तात्पुरती टेप लावा, फोटो, ग्रिड रेफरन्स, आणि मॅनेजरला फोन. मॅनेजर म्हणाला चालू ठेव, बघू नंतर, तर वेळ आणि निरोप लिहून ठेवा आणि इकॉलॉजिस्टला कळवा, कारण स्कॉटलंडच्या कायद्यात गुन्हा करवून घेणारा आणि होऊ देणाराही धरला जातो. तोंडावर झाड आडवं पडलेलं असेल तर घाईने ओढू नका, ओढताना जास्त खचतं, इकॉलॉजिस्टला फोनवर विचारून मग हात लावा.

वादळ, रोगराई आणि घाईची कामं

ज्या कामात प्लॅनिंगला वेळच मिळत नाही तिथे सगळ्यात जास्त गडबड होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्टॉर्म आर्वेनने स्कॉटलंडच्या पूर्वेला आणि उत्तर इंग्लंडमध्ये जंगलंच्या जंगलं आडवी केली, तशा पडझडीत खाली सेट कुठे आहे ते शोधायलाही आत जाता येत नाही. तिथे जुना नकाशा हाच आधार. आणि एक गोष्ट जिवावरची आहे, पडलेल्या झाडाचा बुंधा कापला की उलटलेली रूट प्लेट, म्हणजे मुळांची ती मातीसकट उभी राहिलेली भिंत, परत धाडकन खाली बसू शकते. माणसासाठी धोका आहेच, पण तिच्या खालच्या पोकळीत बॅजरने तोंड काढलेलं असेल तर ते कायमचं बंद. म्हणून मुळांच्या मागे-पुढे बघितल्याशिवाय कापू नका, आणि सेटवर असेल तर बुंध्याचा लांब तुकडा ठेवून प्लेट तशीच राहू द्या.

लार्चच्या झाडांना फायटोफ्थोरा रॅमोरम हा रोग लागला की झाडं अमुक तारखेपर्यंत तोडा अशी सरकारी नोटीस येते. नोटीस आली म्हणून बॅजरचा कायदा बाजूला पडत नाही. नोटीस देणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगा की सेट आहे, तेवढ्या तुकड्याबद्दल काय करायचं ते तेव्हाच बोलून घेता येतं, शेवटच्या आठवड्यात नाही. ॲश डायबॅकचंही तसंच, ॲश झाडांचा हा रोग २०१२ पासून इथे पसरलाय, वाळलेली ॲश ठिसूळ होते, आणि रस्त्याच्या कडेच्या बांधात सेट आणि त्यावर मेलेली ॲश हे अगदी नेहमीचं चित्र. तिथे बऱ्याचदा एमईडब्ल्यूपी, म्हणजे ती बादलीवाली लिफ्ट, रस्त्यावर उभी करून वरून तुकडे काढता येतात, सेटवर पाय ठेवायची वेळच येत नाही.

काम झाल्यावर: लागवड आणि कुंपण

तोडणी संपली की सगळे सुटलो म्हणतात, पण एक्सकॅव्हेटर तर आता येतो. माउंडिंग (रोपांसाठी मातीचे उंचवटे करणं), नांगरणी, नाले काढणं, यात सेटचं जास्त नुकसान होऊ शकतं कारण ही कामं थेट जमिनीत शिरतात. आधीचा बफर टेपसकट तसाच ठेवा, नवीन ड्रायव्हरला परत चालवत न्या. सेटवर झाडं लावू नका, मोकळी जागा ठेवा, कडेला हॅझेल, रोवन, हॉथॉर्न अशी झुडपं चांगली. आणि ज्या कुरणात ते गांडुळं खायला जातात तिकडची वाट गच्च लागवडीने बुजवू नका.

कुंपण हा शेवटचा आणि नेहमी विसरला जाणारा मुद्दा. हरणांसाठी, सशांसाठी जाळी लावली आणि ती बॅजरच्या वाटेवर आली, तर बॅजर वाट बदलत नाही, तो जाळी उचकटतो, आणि मग ससे आत येतात आणि तुमची रोपं खातात. त्यापेक्षा प्रत्येक जुनी वाट जिथे कुंपण ओलांडते नेमक्या त्याच जागी बॅजर गेट बसवा, वरून टांगलेलं जड लाकडी झडप, बॅजर डोक्याने ढकलून जातो, सशाला ते ढकलवत नाही. चार फूट इकडे-तिकडे बसवलं तर वापरत नाही. कुंपण उभं राहतानाच गेट बसवायचं, सुरुवातीचे काही दिवस तारेने उघडं बांधून ठेवायचं आणि वाट रुळली की सोडायचं.

गुपित ठेवा, आणि काही वेडंवाकडं दिसलं तर

सेटची जागा कामाशी संबंध असलेल्यांनाच सांगा. फोटो इन्स्टावर टाकू नका, टाकायचाच असेल तर लोकेशन काढून आणि ओळखू येईल असा डोंगर मागे नको. कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शंभर लोक असतात, तिथेही ग्रिड रेफरन्स नको.

सेटवर ताजं फावड्याने खणलेलं, तोंडं मातीने किंवा दगडाने ठासलेली, कुत्र्यांचे ठसे, रक्त, असं दिसलं तर काही हलवू नका. फोटो काढा, शेजारी मापासाठी पेन किंवा हातमोजा ठेवून, मग पोलिसांच्या १०१ ला फोन करून वाइल्डलाइफ क्राइम ऑफिसर मागा आणि इन्सिडंट नंबर लिहून घ्या. समोर माणसं, कुत्री, फावडी दिसत असतील तर तातडीचा ९९९ नंबर, आणि त्यांच्या जवळ जाऊन हटकायचं नाही, ही माणसं साधी नसतात. लांबूनच गाडीचा नंबर, किती जण, कपडे, कुठल्या दिशेला गेले एवढं टिपा. तुमच्या कामाचा बफर मॅप आणि आधीचे तारखेसह फोटो पोलिसांना द्या, सेट वापरात होता हे कोर्टात सिद्ध करायला नेमके तेच लागतात.